विंगेतलं वेटोळं

"दार ओढून घे," हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि जाता जाताच मला कळलं की ते जायला नको होते. कळलं ते कानांनी नाही, मामांच्या पाठीवरून. मामा, म्हणजे आमचे मुख्य नट, सगळे त्यांना मामाच म्हणतात, रंगमंचावरच्या खिडकीशी प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून उभे होते आणि त्यांच्या दोन खांद्यांमधली जागा एकदम ताठ झाली, मानेवर कुणी गार पाणी ओतल्यासारखी. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून बघितलं, म्हणजे मागे कुणीतरी हसलं असणार. हसणं मला ऐकू आलं नाही. मी हिशेब केला. गेली काही वर्षं मी ऐकण्याऐवजी हिशेबच करत आले आहे, कुणाचे ओठ, कुणाच्या भुवया, कोण कुणाकडे वळलं, आणि त्यात इतकी पटाईत झाले होते की ऐकू येत नाही हे माझं मलाच आठवेनासं झालं होतं. माझ्या मागे दिव्यांच्या पेटीचा पंखा फिरत होता, तो मात्र छान ऐकू येत होता. तो नेहमीच छान ऐकू येतो.

मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि नट वाक्य विसरला की ते त्याच्यापुरतं हळूच पुरवायचं, हे माझं काम. प्रेक्षकांच्या लेखी मी नसतेच. जिच्या असण्याचा पुरावा सापडत नाही ती चांगली प्रॉम्प्टर, आणि त्या दुपारी माझा पुरावा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला. तोही कुठे, तर नाटकातल्या नेमक्या त्या जागी. नाटक एका म्हाताऱ्या घड्याळजीचं आहे. मुलगी घर सोडून निघाली आहे, बॅग दारात, आणि ती विचारते, बाबा, मी जाऊ? म्हातारा खिडकीबाहेर बघत राहतो. किती वेळ, ते संहितेत नाही. 'थांबतो' एवढंच आहे. मग तो म्हणतो, दार ओढून घे, वारा येतोय. बस्स. लोक त्या थांबण्याचं तिकीट काढतात असं मामा म्हणतात, आणि यात बढाई अगदी थोडी आहे. आता गंमत अशी की विसरलेला नट आणि थांबलेला नट बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. दोघंही गप्प, दोघंही लांब कुठेतरी बघत. फरक फक्त श्वासाचा. विसरलेला श्वास धरून ठेवतो, थांबलेला घेत राहतो. माझी सगळी विद्या एवढीच. पूर्वी मला विंगेतून मामांचा श्वास ऐकू यायचा, नाकातून, जरासा शिट्टी वाजल्यासारखा. मग तो गेला. मग स आणि श गेले, वाक्यांची शेपटं गेली, मग कानांमागे यंत्रं आली. त्यांनी आवाज परत आणले, पण सगळेच, एकाच मापाने: पंखा, खुर्च्यांची करकर, खोकला, चॉकलेटचे कागद, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी मामा. गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तशी मी त्यांना रोज शोधत होते. त्या दुपारी कानांत प्राण आणून ऐकलं तरी श्वास सापडला नाही, आणि मी घाबरून बोलून गेले.

प्रयोग संपल्यावर मामा मेकअप पुसता पुसता आरशातून माझ्याकडे बघत राहिले. बोलले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बोलला तो दिग्दर्शक. मला मुलगा असता तर तो त्याच्या वयाचा, मनाने चांगला, पण हल्ली माझ्याशी बोलताना प्रत्येक शब्द सुटा करतो आणि तोंड असं उघडतो की त्याच्या दाढा मोजाव्यात.

"बाई, तुम्ही, आता, जरा, विश्रांती, घ्या."

"घेते की. रोज झोपते तेव्हा."

"तसं नाही हो." आता तो भरभर बोलायला लागला, म्हणजे खरं बोलायला लागला. "मामांच्या कानात एक बारीकसं यंत्र बसवू. त्यात कुणीही संहिता वाचेल. विंगेत माणूस बसवायची पद्धत आता राहिलेली नाही कुठे."

यावर मागून मामांचा आवाज आला, आणि तो असा आला की मलाही ऐकू आला. "माझ्या कानात कुणी काही घालणार नाही!"

"मी दोन्ही कानांत घालून बसलेय, मामा," मी म्हटलं. "मेले नाही अजून."

 दिग्दर्शकाने हात पसरले. मग मी म्हटलं, "महिनाअखेरचा प्रयोग मला करू दे. त्यात चुकले तर मी होऊन संहिता तुझ्या हातात देते. नाही चुकले तर खुर्ची माझी, आणि विश्रांती हा शब्द माझ्यापुढे काढायचा नाही." त्याने होकारार्थी मान डोलावली. हे मी कशाच्या जोरावर बोलले ते आजही सांगता येणार नाही. हातात काहीच नव्हतं.

घरी ताई. आम्ही दोघी बहिणीच राहतो. तिचा नवरा गेला, माझा कधी नव्हताच. ताईने दार उघडलं आणि काहीतरी म्हणाली. मी चपला काढत खाली वाकले होते, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. "काय म्हणालीस?" "काही नाही." आणि ती आत गेली. आत रेडिओ ठणाणा करत होता. ताईला वाटतं हल्लीचे निवेदक तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून ती आवाज वाढवते. हळूहळू सगळी दुनियाच तोंडातल्या तोंडात बोलू लागली आहे, पण तिच्या कानांविषयी बोलायची सोय नाही. माझ्या यंत्राला मात्र ती हसते. कानामागून आली अन् तिखट झाली, असं त्याला म्हणते, आणि तिथेच बसतं ते, त्यामुळे मलाही हसू येतं. त्या दिवशी हसू आलं नाही. मी तशीच दाराशी बसून राहिले, एक चप्पल पायात, एक हातात, आणि मला बाबांच्या ओल्या मनगटांची आठवण झाली. बाबा आमच्या लहानपणीच बहिरे झाले. जेवायला सगळे बसायचो, काका, आत्या, त्यांची मुलं, कुणी नक्कल करायचं, टेबल हसून हलायचं, आणि हसणं ओसरत आलं की बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारायचे, काय झालं? आई म्हणायची, काही नाही. वाईट नव्हती आई. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायचा कंटाळा यायचा, आणि दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद विनोद राहत नाही हेही खरंच. ताई तर पुढे पुढे बाबांनी विचारायच्या आतच काही नाही म्हणायला लागली. मग बाबांनी विचारणं सोडलं. हसण्याची लाट आली की ते उठायचे, ताटं गोळा करायचे आणि मोरीत जाऊन धूत बसायचे, कारण भांडी घासायला कान लागत नाहीत. पाहुणे म्हणायचे, काय पण नवरा मिळालाय वहिनींना! बाबांच्या मनगटांवर कायम साबणाचा वास असायचा. मला तो वास आवडायचा, मोठी होईपर्यंत तो कशाचा आहे ते कळलं नव्हतं. दाराशी बसून मी ठरवलं ते एवढंच, की मी ताटं गोळा करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या दुकानात गेलेच नाही. तिथे यंत्र विकतात आणि वर्षातून एकदा साफ करून देतात, गाडी धुऊन द्यावी तसं. मी नवी कानवाली शोधली, एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर बसणारी, मोठ्या चष्म्याची, आणि तिला बसल्या बसल्या सांगितलं की मला गप्पा ऐकायच्या नाहीत, गाणी ऐकायची नाहीत, मला एका माणसाचा श्वास ऐकायचा आहे, वीस पावलांवरून. तिने चष्मा वर सरकवला. मग माझं यंत्र हातात घेऊन उघडलं, तारेने संगणकाला जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"टेलिकॉइल वापरत नाही का तुम्ही?"

"ते काय असतं?"

"यात आहे की. तांब्याच्या तारेचं छोटं वेटोळं असतं आत. तुम्हाला दिलं त्यांनी, पण सुरूच करून दिलेलं नाही."

काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर कानात होता. इतकी वर्षं मी तो कानामागे मिरवत होते, अंघोळीआधी जपून काढत होते, रात्री डबीत ठेवत होते. मला इतका राग आला की कानवाली थोडी मागे सरकली. मग तिने समजावलं. यंत्राचा माइक हवेतून येईल ते सगळं घेतो, त्याला आपलं-परकं कळत नाही. पण बोलणाऱ्याच्या तोंडाशी एक माइक ठेवला, तो आवाज एका तारेतून सोडला आणि ती तार ऐकणाऱ्याच्या भोवती जमिनीवर फिरवली, तर तारेभोवती चुंबकी लहरी उठतात आणि कानातलं वेटोळं त्या थेट उचलतं. मधली हवा नाही, पंखा नाही, खुर्च्या नाहीत. तिच्या टेबलाखाली तशी तार होतीच. तिने माझं यंत्र वेटोळ्याच्या खुणेवर आणलं आणि खोली नाहीशी झाली. खरंच नाहीशी झाली. बाहेरची रहदारी, खिडकीतलं वातानुकूलन, माझ्याच बांगड्या, सगळं कुणी पुसून टाकलं. मग त्या कोऱ्या जागेत तिचा आवाज आला, कपाळाच्या आत, अगदी जवळ. तिने ओठांसमोर कागद धरला होता आणि ती वर्तमानपत्रातलं हवामान वाचत होती. तुरळक सरींची शक्यता. स ऐकू आला. श ऐकू आला. मी तिला हाताने थांबवलं.

"आता बोलू नका. नुसता श्वास घ्या."

"असं कुणी मागितलं नव्हतं आजवर," ती म्हणाली, आणि मग तिने श्वास घेतला. आत जाताना तो जरा अडखळला, कारण तिला हसू येत होतं. मला रडू येत होतं, पण मी ते नंतरसाठी ठेवलं, कारण महिनाअखेर जवळ होती आणि मला अजून बरंच विचारायचं होतं.

नाट्यगृहात आवाजाची बाजू सांभाळते ती बाई माझ्यासारखीच तुसडी आहे, म्हणून आमचं जमतं. तिला सगळे आवाजवाली म्हणतात. तिने माझं ऐकून घेतलं, काही न विचारता एका पेटीतून तार काढली आणि माझ्या कोपऱ्यात खुर्चीभोवती चौकोन करून चिकटपट्टीने जमिनीला पक्की केली. रंगमंचावर माइक ठेवला, मी यंत्राची कळ दाबली, आणि माझ्या डोक्यात भुंग्यांचं मोहोळ उठलं. गूंऽऽ असा एकसारखा आवाज. दिवेवाल्याने वर उजेड कमी केला तसा तो वाढला. उजेड पूर्ण केला तशी गुणगुण पातळ झाली. आवाजवालीने डोक्याला हात लावला, कारण माझ्या खुर्चीच्या पाठीलाच दिवे मंद करायची ती पेटी होती, आणि वेटोळ्याला माणसाचा आवाज आणि विजेचा आवाज यांत फरक कळत नाही. आणि तो प्रवेश तर संध्याकाळचा, दिवे मंद मंद होत जाणारा. जिथे मला श्वास हवा, नेमकं तिथेच मोहोळ. "राहू दे बाई, नशीबच तसं," ती म्हणाली. मी खुर्ची उचलली आणि रंगमंच ओलांडून पलीकडच्या, उजव्या विंगेत नेऊन ठेवली. तिथे कधीच कुणी प्रॉम्प्टर बसला नव्हता. तिथे झाडू आणि मोडकी सिंहासनं राहतात. "तार इकडे आण," मी म्हटलं. इकडे गुणगुण नव्हती. पण इथेही एक खोड निघाली: मी संहितेत बघायला मान खाली घातली की आवाज विरून जायचा, मान वर केली की परत यायचा. वेटोळं ताठ उभं राहिलं तरच घेतं, आडवं झालं की सोडतं. म्हणून संहिता मांडीवरून उचलली आणि वादकांचा कागद ठेवायचा स्टँड आणून त्यावर डोळ्यांसमोर लावली. उभ्या जन्मात मी इतकी ताठ बसले नव्हते. आई असती तर खूश झाली असती. आणखी एक होतं. वेटोळ्यावर असताना यंत्राचा स्वतःचा माइक बंद असतो, त्यामुळे मला मीच ऐकू येत नाही. कुजबुज किती मोठी झाली ते कळायला मार्ग नाही, आणि एकदा तिसऱ्या रांगेपर्यंत जाऊन आलेल्या बाईला हे परवडणारं नव्हतं. तेव्हा मी गळ्यावर दोन बोटं ठेवायला शिकले. बोटांना थरथर लागली नाही म्हणजे कुजबुज बरोबर, लागली म्हणजे जास्त. घरी ताईला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून सराव करायला गेले, पण ताईला कुठलंच ऐकू येईना, आणि ती म्हणाली, "तूही आता तोंडातल्या तोंडात बोलायला लागलीस."

राहिले मामा. रंगमंचावरचा माइक संवाद आणत होता, पण श्वास नाही. श्वासासाठी माइक मामांच्या अंगावरच हवा होता, कॉलरच्या आत, बिनतारी. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते मिशी चिकटवत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मिशी अर्धीच राहिली.

"पन्नास वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज असाच गेलाय, नुसत्या छातीवर. आणि आता माइक लावू? लोक थुंकतील."

"लोकांना तो नाहीच. हॉलच्या स्पीकरला जोडलेला नाही. तो फक्त माझ्या तारेत येणार. अख्ख्या नाट्यगृहात एकच श्रोता."

"म्हणजे तू माझ्या छातीला कान लावून बसणार."

"तीस वर्षं बसतेच आहे. मध्यंतरी जरा कान सरकला होता."

त्यांनी मिशीचं उरलेलं टोक दाबून बसवलं. "आणि उजवीकडे बसणार म्हणे. मी अडलो की डावीकडे बघतो. सवय आहे."

"बघावंच लागणार नाही तुम्हाला. तुम्ही बघायच्या आत माझ्याकडून आलेलं असेल."

"आणि त्या दिवसासारखं अडलो नसतानाच आलं तर?"

 मी तशीच उभी राहिले, गेले नाही. माझ्या अंगात एक वाईट खोड आहे, मी उभी राहते. पाच मिनिटांनी मामांनी हात पुढे केला आणि माइक घेतला. "घाला पट्टा कुत्र्याच्या गळ्यात," ते म्हणाले.

तालमीला तो पट्टा घातलेले मामा माझ्या कपाळात चालायला लागले. त्यांच्या शर्टाची सळसळ, आवंढा, गुडघा वाकताना तोंडून निघणारं बारीकसं हुं. आणि श्वास, तीच जुनी शिट्टी, नाकाच्या डाव्या बाजूने. मी ती ओळखली, दार वाजवण्याच्या पद्धतीवरून आपलं माणूस ओळखावं तशी. तालमीच्या मध्यंतरात सगळे चहाला गेले. मी खुर्चीतच होते, कळ वेटोळ्यावर, कारण मला रिकाम्या तारेत काही गुणगुण उरली आहे का ते तपासायचं होतं. तार रिकामी नव्हती. मामा मेकअपच्या खोलीत एकटे होते आणि माइक चालूच होता. "दार ओढून घे, वारा येतोय. दार ओढून घे, वारा येतोय." पोरांनी पाढे घोकावेत तसे. दहादा, बारादा. मग "दार..." आणि पुढे काही नाही. "दार..." श्वास थांबलेला. शिट्टी नाही. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग फार हळू, स्वतःलाच, "म्हाताऱ्या, म्हाताऱ्या." आणि पुन्हा पहिल्यापासून. मी ताठ बसून राहिले आणि हळूहळू मला सगळी दुपार पुन्हा दिसायला लागली: खिडकी, ती पाठ, आणि मी कानांत प्राण आणून शोधलेला आणि न सापडलेला श्वास. न सापडण्याचं कारण माझे कान असतील. किंवा त्या दिवशी तिथे श्वास नव्हताच. मला आधी राग आला, इतके दिवस उगाच मान खाली घालून फिरले म्हणून. मग सुटल्यासारखं वाटलं. दिग्दर्शक चहाचा कप घेऊन समोरूनच येत होता, माझी चूक नव्हती हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मग मामांनी पुन्हा "वारा येतोय" म्हटलं, आणि मला एकदम बाबा दिसले, एकेकाच्या तोंडाकडे बघत हसण्याचा अंदाज घेणारे. मामा हे दुसरे बाबा. हे अजून ताटं गोळा करायला उठले नव्हते, एवढंच. दिग्दर्शकाने मला काय झालं म्हणून खुणेने विचारलं. मी नुसती मान हलवली आणि उठून मामांच्या खोलीत गेले.

"मामा, हा चालू राहतो." मी त्यांच्या कमरेला लावलेल्या माइकच्या डबीकडे बोट केलं. "बंद करायची कळ इथे आहे, बाजूला. खोलीत आलात की बंद करत जा."

त्यांना कळायला क्षणभर लागला. चेहऱ्यावरचा रंग आधी गेला आणि मग परत आला. "काय काय ऐकलंस?"

"सगळं."

ते आरशाकडे वळले. मग म्हणाले, "त्या दिवशीचं दिग्दर्शकाला सांगणार?"

"कुठल्या दिवशीचं?" मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, आरशातून नाही, सरळ. त्यांचा हात डबीकडे गेला, कळीवर जरा वेळ राहिला आणि तसाच परत आला. त्यानंतर त्यांनी माइक कधीच बंद केला नाही. मी विंगेत बसून त्यांच्याबरोबर ते वाक्य मनात घोकत राहायची, आणि याविषयी आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

महिनाअखेरचा प्रयोग दुपारचा होता आणि ताई आली होती, स्वतःहून, पाचव्या रांगेत. दिग्दर्शक माझ्या मागे येऊन उभा राहिला, झाडूंच्या शेजारी. त्याला लपायचं नव्हतं आणि मला त्याची पर्वा नव्हती. पहिल्या अंकात मामा दोन ठिकाणी अडले. शिट्टी थांबली, मी गळ्यावर बोटं ठेवून पहिला शब्द सोडला आणि त्यांनी तो मान न वळवता उचलला, वाटेत पडलेला रुमाल उचलावा तितक्या सहज. दिग्दर्शकाला कळलंसुद्धा नाही. मग दुसरा अंक, संध्याकाळ, दिवे उतरू लागले. पलीकडच्या विंगेतलं मोहोळ पलीकडेच राहिलं. मुलीची बॅग दारात. बाबा, मी जाऊ? मामा खिडकीशी गेले आणि थांबले. शिट्टी चालू होती. आत, बाहेर. माझा पहिला शब्द जिभेवर तयार होता, तो नेहमीच असतो. नेहमीच्या थांब्याचा वेळ संपला. मामा बोलले नाहीत. दिग्दर्शकाने माझ्या खांद्याला हात लावला. मी हलले नाही. त्यांच्या श्वासाचा चालू-बंद होणारा दिवा माझ्या कपाळात होता आणि तो चालू होता, पण मला त्या खोलीतलं "दार... दार..." आठवत होतं, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी वाटत होतं, हा शेवटचा, आता थांबेल, आता बोल. दिग्दर्शकाचा हात घट्ट झाला. तो काहीतरी म्हणतही असणार, पण वेटोळ्यावर असलेल्या बाईला मागच्या माणसाचं काही ऐकू येत नाही, आणि देवाची कृपा म्हणतात ती हीच. आत, बाहेर. एक श्वास अडखळला. मी बोटं गळ्यावर नेली. अडखळला, पण थांबला नाही. तो ओला होता, त्यात पाणी होतं. म्हातारा विसरला नव्हता. म्हातारा रडत होता, प्रेक्षकांकडे पाठ करून, कुणाला दिसणार नाही असा. मी ओठ मिटले. दात लागले इतके घट्ट मिटले. मी गप्प बसले, आणि आयुष्यात इतकं कष्टाचं काम मी केलेलं नाही.

"दार ओढून घे," मामा म्हणाले. "वारा येतोय."

टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत, कारण कळ अजून तिथेच होती. मला फक्त मामा ऐकू आले, नाक ओढताना. पडदा पडल्यावर ते थेट उजव्या विंगेत आले. "आज थांबा लांबवला," ते म्हणाले, माझ्याकडे नाही, त्या कॉलरमधल्या माइककडे मान घालून. "वाटलं, लांबवता येईल. तू आहेस." मग दिग्दर्शकाकडे वळून, मोठ्याने, "ही खुर्ची इथून हलवायची नाही." दिग्दर्शक मला म्हणाला, "पण बाई, तुम्ही तर काहीच केलं नाहीत." मी म्हटलं, "बरोबर." तो अजून तरुण आहे, कळेल.

घरी आल्यावर ताईने चहा टाकला. ती नाटकाविषयी बोलत होती, नटीची साडी, पडद्याचा रंग, समोर बसलेल्या माणसाचं डोकं, म्हणजे जे दिसतं ते सगळं. मग कपात बघत, सहज विचारल्यासारखं करून, तिने विचारलं, "तो खिडकीशी उभा होता ना, मुलगी विचारते तेव्हा. तेवढा वेळ काय म्हणत होता गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

ताईचा चेहरा मिटला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला, आपला घेतला, आणि ती उठून मोरीकडे निघाली. नळ सुटला.  मी उठले, नळ बंद केला, तिच्या हातातले कप काढून घेतले आणि तिला ओल्या हातांनी तशीच आणून दिव्याखाली खुर्चीवर बसवलं, माझ्यासमोर, माझं तोंड उजेडात येईल असं.

"ताई, खरंच काही म्हणत नव्हता. थांबला होता. तुला ऐकू आलं नाही असं नाही, तिथे शब्दच नव्हते. तो नुसता श्वास घेत होता."

"हे आपलं माझ्या समाधानासाठी," ताई म्हणाली. काही नाही म्हणजे काय असतं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"बरं, मग ऐक. पहिल्यापासून सांगते. आणि उद्या सकाळी तू माझ्याबरोबर कानवालीकडे येते आहेस. भांडायचं असेल तर नंतर भांड."

मी पहिल्या अंकापासून सुरुवात केली. सगळ्यांची वाक्यं म्हटली, मुलीची, शेजाऱ्याची, म्हाताऱ्याची, विनोदसुद्धा, आणि दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद विनोद राहत नाही म्हणतात ते खोटं आहे, ताई दोनदा हसली. कप तसेच राहिले. मुलीने विचारलं, बाबा, मी जाऊ? आणि मी थांबले. ताई माझ्या ओठांकडे बघत राहिली, हात मांडीवर, मनगटं अजून ओली. बराच वेळ गेला तशी तिच्या डोळ्यांत ती जुनी शंका आली, आपल्याकडून काही सुटलं की काय. म्हणून मी श्वास जरा मोठा घेतला, तिला दिसेल असा, खांदे वर करून, म्हणजे तिला कळावं की काहीही सुटलेलं नाही, वाक्य अजून यायचं आहे.